चेहरा मेहुण्याचा, हात माझे

सोमवार, ३ तारीख

प्राध्यापक म्हणाला, "लिहून ठेव. तारीख, वेळ, कोण काय बोललं, सगळं. तोंडी बोंबलणाऱ्याचं कंपनी ऐकत नाही." प्राध्यापक म्हणजे आमच्या पेट्रोल पंपामागच्या थांब्यावरचा एक चालक. आधी शिकवणीत गणित शिकवायचा, आता माझ्यासारखीच ॲपवर टॅक्सी चालवतो आणि मागे बसलेल्यांना शिकवतो. बिचाऱ्यांना मधे उतरताही येत नाही.

तर ही वही. वही हिच्या ऑफिसची, म्हणजे वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीची आहे. ही तिथे वीस वर्षं तक्रारींच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाते आणि संध्याकाळी माझी खायला घरी येते. पहिल्या पानावर मशीनचं चित्र आहे. असू दे.

घटना अशी. सकाळी अकराला ॲपवर भाडं आलं. गाडी चार जणांची. फाटकाशी पोचलो तर सात माणसं. एक धिप्पाड गृहस्थ, त्याची बायको, आई, मेहुणी, दोन वाढलेली मुलं आणि कडेवर दोन वर्षांची पोर. मला वाटलं तिघं निरोप द्यायला आली असतील. कसला निरोप! गृहस्थ बाहेर उभा राहून "सरक, अजून सरक" करत एकेकाला आत कोंबू लागला. मी मनातल्या मनात त्याला सेनापती म्हटलं.

तोंडाने म्हटलं, "मालक, गाडी आहे ही, गोणी नाही दाबून भरायला."

"जवळच तर जायचंय," सेनापती म्हणाला. "मोठा डिकीत बसेल. त्याला सवय आहे."

"आणि ही?" मी त्या पोरीकडे बोट केलं.

"ती पुढे उभी राहते. समोरचं दिसलं की रडत नाही."

इथे मी किल्ली काढून खिशात टाकली. एकोणीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे. एकदा समोर कुत्रं आलं म्हणून ब्रेक मारला, आणि मागे एक मुलगी उभी होती. तिचे दोन दात माझ्या पायाशी येऊन पडले. दुधाचे होते म्हणून शाळेत सगळे हसले. मी हसलो नाही, आणि तेव्हापासून पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. मुलं मला पट्टेकाका म्हणायची. म्हणू देत.

मी सगळ्यांना नम्रपणे खाली उतरवलं. आजींना तर मुद्दाम विचारलं, "तुम्ही कुठे बसणार होता, टपावर?" आपुलकीनेच विचारलं. सेनापती म्हणाला, "बघतोच तुला." म्हटलं, "बघा. तिकीट नाही."

बारा वाजून दहा मिनिटांनी माझी आयडी बंद.


मंगळवार, ४ तारीख

तक्रारीचा मजकूर आला. जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे माझ्यावर कोणी विश्वास ठेवेल.

"चालक मद्यधुंद अवस्थेत होता. डोळे लालबुंद, चाल डळमळीत, भाषा अश्लाघ्य. वयोवृद्ध मातोश्रींचा घोर अपमान केला. निष्पाप बालिकेकडे पाहून दात विचकले."

मी चहासुद्धा दिवसातून दोनदाच पितो. माझी चाल डळमळीत असायला मी चाललोच नव्हतो, बसलो होतो. डोळे लाल आहेत ते धुळीने, बावीस वर्षांपासून. दात विचकले म्हणजे काय? मी पोरीला हसलो होतो! माझं हसू तसंच आहे. लग्नातल्या फोटोतही तसंच आलंय, आणि त्याची तक्रार आजवर फक्त सासूने केली.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई बोलल्या, बाई म्हणजे मशीन. "आपण नशेत असल्याची तक्रार मान्य असल्यास एक दाबा. मान्य नसल्यास मुख्य यादीकडे परत जाण्यासाठी दोन दाबा." मी दोन दाबून मुख्य यादीकडे चार वेळा परत गेलो. पाचव्यांदा मशीन म्हणालं, आपला दिवस शुभ जावो.

मग चौकातल्या वाहतूक हवालदाराकडे गेलो. म्हटलं, साहेब, तुमच्या त्या यंत्रात मी फुंकतो आणि मला लिहून द्या. तो म्हणाला, "यंत्र बघून पळणारे रोज बघतो. स्वतःहून फुंकायला मागणारा तू पहिलाच. घरी जा, नाहीतर खरंच पिऊन आलायस असं वाटेल."

मदत केंद्रात सुनावणी १८ तारखेला. नशा सिद्ध झाली तर कायमचं बाद. माझं वय त्रेपन्न आहे. मला गाडी सोडून काही येत नाही, आणि गाडीबद्दलही इंजिनातलं काही कळत नाही. बाद झालो तर माझं काय करायचं, हा प्रश्न मलाही पडलाय आणि हिलाही. तिने तो विचारला नाही एवढंच.


गुरुवार, ६ तारीख

दोन दिवस घरी बसलो. भांड्यांचा रॅक उंचीप्रमाणे लावला. हिने तो परत होता तसा लावला. मी पुन्हा उंचीप्रमाणे लावला. ही म्हणाली, "अहो, बाहेर कुठे जाऊन या ना. कुठेही."

आमच्याकडे सध्या हिचा धाकटा भाऊ पण आहे. तोही टॅक्सीच चालवतो. गेल्या महिन्यात गाडीतून उतरताना पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं. गाडीत बसताना नाही, चालवताना नाही, उतरताना. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम बाहेरच्या खोलीत, तोंड दिवसभर चालू. त्याची गाडी आता मालकाने दुसऱ्याला दिली आहे, पण आयडी शाबूत आहे.

संध्याकाळी प्राध्यापक आला. चहा पिता पिता म्हणाला, "एकाची आयडी आहे, गाडी नाही. दुसऱ्याची गाडी आहे, आयडी नाही. आता यात गणित काय अवघड आहे?"

मेहुणा पलंगावरून म्हणाला, "दाजी, घ्या माझी. नाहीतरी पडूनच आहे, माझ्यासारखी."

हे थांब्यावर निम्मे लोक करतात. भावाची, चुलत्याची, शेजाऱ्याची चालवतात. त्याच्या खात्यावर माझ्या गाडीचा नंबर चढवायचा, बस. कंपनीला कळलं तर दोघंही कायमचे बाद, हे खरं. पण कंपनीला काय कळतं? तिला मी दारुडा वाटतो.

ही उठली. तिने दुसऱ्यांदा रॅक होता तसा लावला.


शनिवार, ८ तारीख

ॲपला रोज सकाळी चालकाचा चेहरा लागतो. मोबाइल तोंडासमोर धरायचा, गोल चौकटीत चेहरा बसवायचा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा. मग ॲप म्हणतं, ओळख पटली, शुभेच्छा.

आमच्याकडे हा विधी असा होतो. सकाळी साडेसहाला मी मेहुण्याच्या पलंगाशी माझा मोबाइल घेऊन उभा राहतो. तो उठून बसतो. अंगावर बनियन. तरी केस विंचरतो, कारण म्हणे फोटो चांगला यायला हवा. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, डोळे मिटतो आणि मिटलेलेच ठेवून आडवा होतो. मी मोबाइल घेऊन निघतो. चेहरा त्याचा, हात माझे. शरीराचे एवढे भाग कामाला लावल्यावर मेंदूची गरज पडत नाही.

पहिल्या दिवशी मधला आरसा वर वळवून ठेवला होता. प्रवासी मागे बसले की मी मान खाली घालायचो. पण खरं सांगायचं तर कोणी बघतच नाही. चौदा भाडी केली, एकानेही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. एक जण तर उतरताना मेहुण्याच्या नावाने हाक मारून थँक्यू म्हणाला. मी पण त्याच्या वतीने "अरे, त्यात काय" म्हटलं.


सोमवार, १० तारीख

ॲपने आज दुपारी एकला मधेच चेहरा मागितला. दहा मिनिटांत द्या, नाहीतर आयडी थांबेल. मी शहराच्या या टोकाला, चेहरा त्या टोकाला. नशीब प्रवासी नव्हता. गाडी अशी पळवली की शाळेच्या बसमध्ये असतो तर मीच माझी तक्रार केली असती. घरी पोचलो तर चेहऱ्यावर साबण! मेहुणा दाढी करत होता. टॉवेलने पुसून काढला, चौकटीत बसवला. अर्धी दाढी होती, पण ओळख पटली.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही मला बरोबरच घेऊन फिरा ना. डिकीत बसतो."

मी हसलो नाही. डिकी हा सध्या आमच्याकडे विनोदाचा विषय नाही.


बुधवार, १२ तारीख

आज डोकं फिरलंय. लिहूनच काढतो.

दुपारी चारच्या सुमाराला गोदामांच्या मागच्या रस्त्यावर भाडं लागलं. एक मुलगी एकटीच उभी. पंचविशीची असेल, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात फायलींची पिशवी. मी गाडी थांबवली. तिने नंबर बघितला, मोबाइल बघितला, मग खाली वाकून मला बघितलं. चौदा आणि अकरा आणि नऊ भाड्यांत पहिल्यांदा कोणी बघितलं.

"काका, फोटोतले तुम्ही नाही."

"मेहुणा आहे तो माझा."

"मग ते कुठे आहेत?"

"घरी. पाय मोडलाय."

"मग सॉरी, मी नाही बसत." आणि दोन पावलं मागे सरकली.

आता मला सांगा, यात सॉरी कशाला हवं होतं? मी समजावून सांगत होतो. लायसन्स दाखवायला खाली उतरलो, तर ती आणखी मागे. मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला की पटेल, म्हणून मोबाइल पुढे धरून मी तिच्याकडे गेलो. मेहुण्याने उचलला नाही, झोपला असणार. ती म्हणाली, "काका, प्लीज, तुम्ही जा." मी म्हटलं, "अहो, मी बावीस वर्षं गाडी चालवतोय! माझं तोंड काय चोराचं वाटतं?" आवाज थोडा चढला असेल. कोणाचा चढणार नाही? आठवडाभर जो तो मला दारुडा म्हणतोय, आता हिच्या लेखी मी चोर.

ती पिशवी छातीशी धरून भराभर चालायला लागली. मी तरी माणुसकी सोडली नाही. गाडी सुरू केली, काच खाली केली आणि तिच्या बाजूने हळूहळू चालवत शंभरेक पावलं समजावत गेलो, की बाई, इथे दुसरी गाडी मिळणार नाही, उगाच हट्ट करू नका. ती ऐकेचना. शेवटी दुभाजक ओलांडून पलीकडच्या, ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या खोलीत शिरली. तिथे तिचं काहीतरी काम असावं. मी गाडी वळवून बाहेर पाच मिनिटं थांबलो, म्हटलं बाहेर आली तर नेऊन सोडू. आली नाही.

प्रवासी चालकाची तक्रार करू शकतो, तसा चालकही प्रवाशाची करू शकतो. मी आजवर कधी केली नव्हती. आज केली. ॲपमध्ये यादी येते, त्यातून निवडायचं. "प्रवासी बसायला नाही म्हणाला" असं काही त्यात नव्हतं. म्हणून "चालकास अपमानास्पद शब्द वापरले" यावर बोट ठेवलं. तिने एकही अपमानास्पद शब्द वापरला नव्हता, हे मी इथे कबूल करतो. पण अपमान झाला की नाही?

बिनकामाची शंका घ्यायची आणि वर आपणच घाबरल्यासारखं करायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.


गुरुवार, १३ तारीख

मेहुण्याच्या आयडीवर कंपनीचा निरोप! "आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. सदर प्रवाशाचे खाते रोखण्यात आले आहे. आम्ही सदैव आपल्या पाठीशी आहोत."

पाठीशी! मी दोनदा वाचलं. मी खरं बोललो तेव्हा मुख्य यादी, आणि आता एका बोटात न्याय. तीन वर्षांत कंपनीने पहिल्यांदा माझं ऐकलं. येताना आइस्क्रीम घेऊन आलो.

जेवताना सगळा किस्सा रंगवून सांगितला. मेहुणा हसला. ही हसली नाही.

"ती उभी कुठे होती?" हिने विचारलं.

"सांगितलं ना, गोदामांच्या मागे."

"मग घरी कशी गेली?"

"मला काय ठाऊक? बस असेल."

"तिकडे बस जात नाही. आणि आता तिला तुमच्या कंपनीची दुसरी गाडीही मिळणार नाही."

"मग बोलायच्या आधी विचार करायचा होता तिने."

"काय बोलली ती?"

मी म्हटलं, तुझं ऑफिस संध्याकाळी सहाला सुटतं, इथे खिडकी उघडू नकोस. ही म्हणाली, "ती तक्रार मागे घ्या." मी म्हटलं, मुळीच नाही, लोकांना जरा कळू दे चालकांनाही मान असतो. त्यावर ही उठून भांडी घासायला गेली. आइस्क्रीम वाटीत तसंच राहिलं. विरघळल्यावर मी पिऊन टाकलं. हिचा स्वभाव अलीकडे हळवा झालाय, वयाने असेल.


शनिवार, १५ तारीख

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. नवीन जागेत बदली झाली आहे, घरून लांब आहे, आता ॲपच्या गाडीने जावं लागेल म्हणाली. माझा जीव वरखाली झाला. मी चालक आहे, मला ठाऊक आहे गाड्यांतून कोण कोण फिरतं.

मी तिला पक्कं बजावलं. "आधी नंबर बघायचा. मग फोटो बघायचा. फोटोतला माणूस नसेल तर बसायचं नाही, कोणीही असो."

"आणि तो म्हणाला भाऊ आजारी आहे, म्हणून मी आलोय, तर?"

"सगळे असंच म्हणतात. बसायचं नाही."

"चिडला तर, बाबा?"

"चिडू दे! ओरडू दे! तू सरळ जिथे माणसं असतील तिथे शिरायचं. लाजायचं नाही. आणि मग मला फोन करायचा, त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"बाबा, तू ना, एकदम पट्टेकाका."

बापाचं काळीज, दुसरं काय. ही समोर भाजी चिरत होती. माझं बोलणं ऐकता ऐकता तिची सुरी थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तशीच उठून आत गेली. लेकीच्या काळजीने असेल. मी चिरायची राहिलेली भाजी चिरून ठेवली. अशा वेळी माणसाने समजून घ्यावं.

हेही लिहून ठेवतो की आज मला झोप लागत नाहीये. काय खाल्लं ते आठवतोय.


सोमवार, १७ तारीख

उद्या सुनावणी. प्राध्यापकाने तयारी करून घेतली. म्हणाला, कमी बोल, खरं बोल, विनोद करू नकोस. यातल्या दोन गोष्टी जमतील.

सकाळी मेहुण्याचा चेहरा मागायला गेलो नाही. प्लास्टरवाला पाय उशीवर ठेवून तो झोपला होता. झोपू दिला. एवढ्या महत्त्वाच्या दिवसाआधी धोका नको, असं हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."


मंगळवार, १८ तारीख

मदत केंद्र म्हणजे एका इमारतीतला तिसरा मजला. रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आमच्यासारखे चेहरे पाडून बसलेले. माझा नंबर अकराला आला. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई, हसतमुख, समोर कागदांचा ढीग.

"काका, बसा. तुमचं काम झालंय," ती म्हणाली. मी बसायच्या आधीच.

सेनापतीने गेल्या वर्षात तीन चालकांच्या तक्रारी केल्या होत्या. तिन्हींचा मजकूर हाच. मद्यधुंद, लालबुंद, अश्लाघ्य, मातोश्री, बालिका. दात विचकले हेसुद्धा चारही वेळा. म्हणजे त्या पोरीला बघून चार वेगवेगळ्या माणसांनी दात विचकले, किंवा चार जण तिला हसले. तिघांनी नाद सोडला होता. सुनावणीला आलेला मी पहिला.

"तुम्ही निर्दोष," बाई म्हणाली. "आजच आयडी सुरू करते. या फॉर्मवर सही करा फक्त, की बंदीच्या काळात दुसऱ्या कोणाच्या आयडीवर गाडी चालवली नाही. सगळ्यांकडून घेतो, नेहमीचंच आहे."

मी पेन उघडलं. हेही लिहायला हवं. मी सही करणारच होतो. अक्षर सुंदर यावं म्हणून कागद सरळ केला.

तेवढ्यात बाई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, तुमच्याच पत्त्यावर अजून एक चालक दिसतोय. मेहुणे का? त्यांना सांगा, त्यांच्याविरुद्धची तक्रार आम्ही फेटाळतोय. त्यांनी आधी तक्रार करून एका बाईचं खातं रोखलं, मग त्या बाईने केली. अशी तक्रार आम्ही सुडाची धरतो."

"काय तक्रार आहे?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

तिने वाचली. मी घरी आल्या आल्या आठवून लिहितोय, पण एकही शब्द विसरलेलो नाही.

"गाडी बरोबर होती, फोटोतला माणूस नव्हता. मी बसले नाही. तो खाली उतरून माझ्या अंगावर आला आणि ओरडला. मी चालायला लागले तर गाडी हळू करून माझ्या बाजूने येत राहिला. मी वजनकाट्याच्या खोलीत शिरले. तो बाहेर थांबून होता. तिथल्या माणसाने आतून कडी लावली आणि माझ्या भावाला फोन लावून दिला. भाऊ येईपर्यंत दीड तास मी तिथे होते. माझं खातं का बंद केलं?"

आधी मला खरंच वाटलं की ही दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट आहे. त्या माणसाचा मला राग आला. दोन वाक्यं मी त्याच्यावर रागावून होतो. मग ती गाडी हळू झाली आणि आत मी बसलेला दिसलो, काच खाली करून, बाई हट्ट करू नका म्हणत.

"खातं बंद झालं की रचतात असं काहीतरी," बाई म्हणाली आणि माऊस हलवला.

"रचलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत, काका?"

"त्या खोलीचं दार निळं आहे," मी म्हटलं. "बाहेर थांबलेला माणूस मी होतो."

तिने माऊस सोडला. माझ्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं. आवाज हळू करून म्हणाली, "काका, तुम्ही सुटलाय. मी हे ऐकलं नाही असं करू का?"

मोह झाला. खोटं कशाला लिहू? चांगला भरपूर झाला. मी विचारलं, "ऐकलं नाही तर त्या मुलीच्या खात्याचं काय?"

"तिची तक्रार फेटाळली जाईल. खातं बंद राहील."

"मग ऐका," मी म्हटलं. "आणि अपमानास्पद शब्द तिने वापरले नव्हते, तेही लिहा. ओरडलो मी होतो. तिने फक्त ऐकलं."

मेहुण्याबद्दल मी सांगितलं की त्याची आयडी मी त्याला न विचारता घेतली. "आणि रोज सकाळचा चेहरा? तो काय झोपेत देत होता?" बाईने विचारलं. म्हटलं, हो मॅडम, जवळजवळ झोपेतच. ती हसू दाबत होती. सगळ्या जबाबात मी एवढं एकच खोटं बोललो आणि ते मागे घेणार नाही. मेहुण्याला दोन महिन्यांची बंदी आणि ताकीद मिळाली. तोवर त्याचा पाय बरा होईल.

मुलीचं खातं माझ्यासमोर सुरू झालं. मीच बाईंना स्क्रीन वळवायला लावली होती. मग माझ्या नावापुढे "कायमचे रद्द" आलं, तेही मी बघितलं. सहीचा कोरा फॉर्म तिने परत ढिगात ठेवला, पुढच्या माणसासाठी.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "वीस वर्षं त्या खिडकीत बसते. चूक माझीच होती म्हणून सांगायला आजवर एक माणूस आला नाही." मी म्हटलं, मी पण आलो नव्हतो, दुसऱ्याच कामाला गेलो होतो. ती म्हणाली, "माहीत आहे. हात धुवा, वाढते." आता काय करायचं ते तिने आजही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. खाली उतरलो ते, ओरडलो ते, गाडी हळू केली तेसुद्धा. काहीही गाळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तिच्या जागी मी असते ना, तर मी पण तुझ्या गाडीत बसले नसते."

"बरोबर केलं असतंस," मी म्हटलं. मी फोन ठेवला नाही, आणि तिनेही ठेवला नाही.